शेकाट्यांची नदी

पुण्याजवळ हिवाळ्यात पक्षी पाहायला कुठे जावं, असं कुणाही जाणत्याला विचारलं तर पहिल्या दोन-तीन नावांत कवडी पाट येतोच. सोलापूर रस्त्याने हडपसर, मांजरी मागे टाकायची आणि लोणी काळभोरच्या अलीकडे डावीकडे मुळा-मुठा नदीकडे उतरायचं. गाव लहान आहे, नदीवर जुना बंधारा आहे. डिसेंबर-जानेवारीतल्या रविवारी सकाळी सातलाच काठावर मोटारी लागलेल्या असतात. हातभर लांबीच्या लेन्स, तिपाया, कानटोप्या आणि तोंडाला बांधलेले रुमाल. रुमाल थंडीसाठी नसतात.

बंधाऱ्यावरून पाणी खाली पडतं तिथे पांढरा फेस उठतो आणि वाऱ्याने उडून काठच्या झुडपांवर जाऊन बसतो. वरच्या अंगाला बाटल्या, थर्माकोलचे तुकडे, चपला, निर्माल्याच्या पिशव्या अडकून पडलेल्या. काही तरुण मंडळी हातमोजे घालून त्यातलं जमेल तेवढं पोत्यांत भरतात. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "एका पावसाळ्यात सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतं. तरी येतो." आणि या फेसात, या कचऱ्याच्या कडेने पक्ष्यांची नुसती झुंबड. लांब तांबड्या पायांचे शेकाटे शेकड्यांनी. पसरट चोचीचे थापटे बदक पाण्यावर चोच ओढत गोल फिरताहेत. पिवळे आणि पांढरे धोबी शेपट्या हलवत चिखल टिपताहेत. काठापासून जरा दूर नारिंगी रंगाचे चक्रवाक जोडीजोडीने बसलेले. संस्कृत कवींनी ज्यांना रात्रीच्या विरहाने झुरत ठेवलं तेच हे पक्षी. लडाख-तिबेटकडचं विणीचं ठिकाण सोडून ते हिवाळ्यापुरते इथे येतात आणि थर्माकोलच्या शेजारी निवांत झोपतात.

या अंकासाठी संपादकांनी ‘शहर आणि शेजारी’ हा विषय दिला तेव्हा त्यांच्या मनात माणसं असावीत. मला मात्र हे कवडी पाटाचं कोडं बरेच दिवस छळत होतं. नदी इतकी घाण, तर पक्षी इतके कसे? आणि पक्षी इतके असतील, तर नदीचं तितकंसं बिघडलेलं नाही असं समजायचं का? दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारी सुशिक्षित माणसं मला भेटली आहेत. म्हणून खडकवासल्यापासून भिगवणपर्यंत नदी काठाकाठाने पाहायचं ठरवलं.

नळातून गेलेली नदी

सुरुवात वरून केली. मुठेवरचं खडकवासल्याचं धरण एकोणिसाव्या शतकातलं; त्याच्या वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पाठोपाठ खडकवासलाही, हे पुण्यात अजून घराघरांत सांगितलं जातं. त्या एका दिवसाने पुणेकरांच्या मनात नदीची भीती बसवली. पण नदीच्या रोजच्या जगण्यावर जास्त परिणाम झाला तो धरणं धड उभी असल्याचा.

धरणाच्या मागच्या फुगवट्याच्या कडेला सकाळी उभं राहिलं की जुन्या नदीची थोडी कल्पना येते. काळा-पांढरा कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, मान खाली घालून नेम धरतो आणि दगडासारखा पडतो. नदी सुरय पिवळी चोच खाली रोखून पाण्याला समांतर गस्त घालतो. दगडांवर कवड्या धोबी, म्हणजे पांढऱ्या भुवईचा, आपल्याकडे बारमाही राहणारा मोठा धोबी, शीळ घालत असतो. किरण पुरंदरे यांच्या एका पुस्तकाचं नावच ‘मुठेवरचा धोबी’ आहे. मुठा आणि हा पक्षी ही जोडी कधीकाळी इतकी स्वाभाविक होती.

आता धरणाच्या भिंतीच्या खालच्या बाजूला या. पावसाळ्यात दरवाजे उघडतात तेवढे दिवस सोडले, तर नदीत सोडायला पाणी नसतं. जे असतं ते जलवाहिन्यांनी आणि कालव्याने निघतं. शहराच्या वाट्याचं पर्वतीसारख्या जलकेंद्रांत जातं, उरलेलं कालव्यातून दौंड-इंदापूरच्या शेतांकडे. शहरात पोचलेलं पाणी नळाला येतं, मोरीतून, संडासातून गटारात जातं आणि शुद्धीकरण केंद्रांना जेवढं पेलतं तेवढं सोडून बाकीचं नाल्यानाल्यांतून पात्रात उतरतं. आंबिल ओढा येतो, नागझरी येते, पुढे भैरोबा नाला येतो. मुळेकडून रामनदी येते. दापोडीपाशी पवना मिळते ती पिंपरी-चिंचवडचं सगळं घेऊनच. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या हद्दीत ३१ लाख आणि पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत १७ लाख माणसं होती. त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुण्याच्या हद्दीत आली. थोडक्यात, डिसेंबर ते मे या काळात भिडे पुलाखालून जे वाहतं ते बहुतांशी आपल्याच घरांतून जाऊन आलेलं पाणी असतं.

यातली एक बाजू सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. उन्हाळ्यात इथली जुनी नदी आटायची. डोह उरायचे, मधले खडक उघडे पडायचे, धार बारीक व्हायची. नदीकाठचे पक्षी त्या आटण्याला सरावलेले होते; टिटवी, सुरय, आर्ली यांची घरटी उघड्या पडलेल्या दगडगोट्यांत आणि वाळूतच व्हायची. आता शहरातली नदी मे महिन्यातही आटत नाही. शहर आंघोळ करणं थांबवत नाही, म्हणून नदीही थांबत नाही.

चिखलात काय पिकतं

शेकाटा काय खातो हे पाहायला दुर्बीण पुरत नाही. चिखल हातात घ्यावा लागतो. मुंढव्याच्या पुढे एका नाल्याच्या मुखाशी काडीने चिखल उकरला तर लाल, दोऱ्यासारख्या अळ्या वळवळताना दिसल्या. या न चावणाऱ्या एका जातीच्या माशीच्या अळ्या. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो, आपल्या रक्तात असतं तेच. मैलापाणी नदीत आलं की त्यातलं सेंद्रिय द्रव्य जिवाणू कुजवतात आणि त्या कामात पाण्यातला प्राणवायू संपवतात. स्वच्छ वाहत्या पाण्यात दगडांखाली राहणारे नाजूक कीटक त्यात गुदमरून मरतात. या अळ्या आणि ट्यूबिफेक्स नावाचे बारीक गांडुळासारखे किडे मात्र हिमोग्लोबिनच्या जोरावर तग धरतात. स्पर्धक मेलेले, त्यांना खाणारे बरेचसे मासे मेलेले आणि वरून अन्नाचा अखंड पुरवठा. मग त्यांचं पीक येतं, आणि पीक आलं की कापणीला पक्षी येतात.

शेकाट्याचे पाय लांब आणि चोच सुईसारखी. वीतभर पाण्यात उभं राहून तो गाळातून एकेक अळी उपसतो. तुतवार आणि धोबी कडेकडेने तेच करतात. थापट्याच्या चोचीला आतून कंगव्यासारखे दाते असतात. तो हिरवट पाणी चोचीतून गाळतो आणि त्यातले सूक्ष्म जीव ठेवून घेतो. जगभर सांडपाण्याच्या तळ्यांवर हे बदक हटकून सापडतं, त्याचं कारण हेच. ठाण्याच्या खाडीतही थोडंफार असंच घडलं असं अभ्यासक मानतात. मुंबई-ठाण्याच्या सांडपाण्याने खाडीत शेवाळ वाढलं आणि त्या शेवाळावर रोहित पक्ष्यांचे थवे पोसले गेले. तिथे २०१५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ती जागा रामसर यादीत गेली.

पुण्याच्या नदीबाबत हे कोडं नवं नाही. इकॉलॉजिकल सोसायटीचे संस्थापक प्रकाश गोळे यांनी १९८० च्या दशकातच मुळा-मुठेच्या पक्ष्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात निबंध लिहिला होता आणि मथळ्यातच नदीला प्रदूषित म्हटलं होतं. तेव्हाचं पुणे आजच्या मानाने केवढंसं होतं! पण मैलापाण्याच्या पहिल्या लाटेवर काही पक्षी पोसले जातात, ही गोष्ट तेव्हाच डोळसांना दिसत होती.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. कवडी पाटावरची गर्दी नदी बरी असल्याची खूण नाही. तिथे वाढप चालू आहे, एवढंच ती सांगते.

हजेरीपट कुणाचा

विठ्ठलवाडीपासून मुळा-मुठेच्या संगमापर्यंत पात्राच्या कडेने चालत गेलं की पक्षी भरपूर भेटतात, पण तेच ते भेटतात. घारी, कावळे, पारवे, साळुंख्या. गाय बगळे, जे गायींपेक्षा आता कचऱ्याच्या ढिगांभोवती जास्त असतात. नाल्याच्या तोंडाशी मान आखडून बसलेला वंचक. पुलांच्या पोटाला पाकोळ्यांच्या मातीच्या वसाहती. पाकोळीला कडा हवा असतो, तो डोंगराचा की काँक्रीटचा याची तिला फिकीर नाही. निळ्या पाठीचा, तपकिरी डोक्याचा खंड्याही दिसतो आणि लोक म्हणतात, बघा, खंड्या आहे म्हणजे मासे आहेत. पण हा खंड्या सरडे, टोळ, बेडूक, उंदराची पिल्लं यांवर आरामात जगतो. तो नदीपासून लांब सोसायटीच्या बागेतही राहतो. पाण्यात सूर मारून माशांवरच जगणारा कवड्या खंड्या आणि छोटा निळा खंड्या यांची गोष्ट वेगळी. त्यांना पाण्याच्या आतलं दिसावं लागतं. काळ्या गढूळ पाण्यात हवेत थांबून नेम कशावर धरणार? आणि घरट्यासाठी दोघांनाही मातीचा उभा काठ लागतो, ज्यात हातभर बीळ खणता येईल.

अभ्यासक पक्ष्यांचे ढोबळ तीन गट करतात. शहराचा फायदा उठवणारे, शहराशी जुळवून घेणारे आणि शहर टाळणारे. ही मांडणी रॉबर्ट ब्लेअर यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोजवळच्या पाहणीवरून केली. त्यांना असंही दिसलं की अगदी जंगलापेक्षा आणि अगदी बाजारपेठेपेक्षा मधल्या, थोड्या विसकटलेल्या जागांवर पक्ष्यांच्या जाती सर्वाधिक असतात. कारण तिथे टाळणारे अजून पूर्ण गेलेले नसतात आणि फायदा उठवणारे येऊन पोचलेले असतात. पुण्याच्या नदीकाठावर या ओळीने चालता येतं. खडकवासल्याच्या वर टाळणाऱ्यांची वस्ती. सिंहगड रस्त्याच्या बाजूला, जिथे अजून शेताचे तुकडे, बाभळी आणि वाळुंजाची झाडं शिल्लक आहेत, तिथे सरमिसळ; सुगरणीचे खोपे, मुनिया, वेडे राघू, भारद्वाज आणि त्यांच्या डोक्यावर घारी. शहराच्या मध्यात फक्त फायदा उठवणारे. मग शहर ओलांडून मांजरी-कवडीला पोचलात की मैलापाण्यावर जगणाऱ्यांचा मेळा.

पण इथे डोक्यांची मोजणी फसवते. दोनशे शेकाटे आणि पन्नास घारी ही संख्या मोठी; त्यात गेलेला एक कवड्या धोबी कुठे दिसणार? नदी सुरय तर आता जगाच्या पातळीवर धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. वाळू उपसली, नदीतली बेटं गेली, उरली तिथे कुत्री पोचतात, धरणातून अवेळी पाणी सुटलं की अंडी वाहून जातात. अशी चारही बाजूंनी त्याची कोंडी आहे. पुण्यासारखी अनेक शहरं आपापल्या नद्यांवर एकसारखेच पक्षी गोळा करत चालली आहेत. पुण्याच्या नदीवरची यादी घेऊन नाशिकच्या किंवा नागपूरच्या एखाद्या नाल्यावर गेलात तर फारसा बदल करावा लागणार नाही.

माशांचंही तेच. १९३० आणि ४० च्या दशकांत होरा, मिश्रा, फ्रेझर या अभ्यासकांनी पुण्याच्या नद्यांतल्या माशांच्या याद्या केल्या. त्या वाचताना हे आपल्याच मुळा-मुठेबद्दल चाललंय यावर विश्वास बसत नाही. कवडीच्या पुढे काठावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका वयस्कर भोई काकांना विचारलं, काय मिळतं? म्हणाले, "चिलापी. दुसरं काय मिळणार? तिला गटार चालतं." तिलापिया हा आफ्रिकेतला मासा, कमी प्राणवायूत जगणारा. पाणकावळे आणि बगळे अजून टिकून आहेत ते बऱ्याच अंशी याच्या जिवावर. म्हणजे अळ्यांपासून बगळ्यांपर्यंत अन्नाची साखळी शाबूत आहे, फक्त कड्या सगळ्या बदलल्या आहेत.

बंधाऱ्यामागचं पाणी

नदीत मैलापाणी येतं, एवढ्यावर सगळं भागत नाही. पाणी कसं उभं राहतं आणि काठ कसा आहे, याचाही पक्ष्यांच्या लेखी तितकाच हिशेब असतो. याचा उत्तम नमुना बंडगार्डनला आहे.

तिथला येरवड्याचा बंधारा एकोणिसाव्या शतकात सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून झाला. शेजारचा फिट्झगेराल्ड पूल १८६९ चा. बंधाऱ्याने पाणी अडलं, वर संथ फुगवटा तयार झाला आणि खाली खडक, उथळ धारा, गाळाची बेटं. संथ पाणी बदकांचं, उथळ पाणी चिखलपायांचं. त्याच्या खाली, कल्याणीनगरच्या बाजूला बाभळी-सुबाभळीची दाट झाडी माजलेला जो पट्टा राहिला त्याला पुणेकर डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्य म्हणतात. नावात अभयारण्य आहे, पण वन्यजीव कायद्याखालचं संरक्षण त्याला नाही. पक्षीप्रेमींनी पाठपुरावा करून, पाट्या लावून, झाडं राखून तगवलेला तो एक तुकडा आहे. आत शिरलं की पायाखाली शहराचा राडारोडा लागतो, विटांचे तुकडे, फरशा. आणि वर बाभळीत रातढोकऱ्या झोपलेल्या असतात. जांभळी पाणकोंबडी जलपर्णीवरून लांब बोटांनी चालत जाते.

जलपर्णीचं प्रकरणही असंच दुहेरी. नत्र-स्फुरदाने जाड झालेल्या संथ पाण्यावर ती हिवाळा संपता संपता पसरते. पाणकोंबड्यांना आणि काही बगळ्यांना तिच्यावर चालता येतं, लपता येतं. बदकांना उघडं पाणी लागतं, त्यांना तिथून उठावं लागतं. महापालिका यंत्रं लावून ती काढते, काढलेली काठावर कुजते, पावसाळ्यात उरलेली वाहून पुढच्या बंधाऱ्याला अडकते. दरवर्षीचा हा सोहळा आता पालखीइतका ठरलेला आहे.

काठ

सध्या पुण्यात नदीचा विषय काढला की वाद काठावर येऊन थांबतो. महापालिकेचा नदीकाठ सुधार प्रकल्प मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटरचा आहे. मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते कामाचा प्रारंभ झाला. त्याच्या बरोबरीने जपानच्या जायका संस्थेच्या अर्थसाहाय्याची, ११ शुद्धीकरण केंद्रांची आणि दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची वेगळी योजना आहे. दोन्ही गोष्टी एकाच दमात बोलल्या जातात, त्यामुळे ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो. एक योजना पाण्याची आहे, दुसरी काठाची. पक्ष्यांच्या बाजूने पाहिलं तर पहिली हवीच आहे. प्रश्न दुसरीचा आहे.

बंडगार्डनच्या बाजूला झालेलं काम जाऊन पाहिलं. दगडी उतार, पायऱ्या, रुंद पायवाट, बाकं. संध्याकाळी तिथे माणसं खरोखर येतात. म्हाताऱ्या जोडप्यांना पाण्याजवळ बसायला जागा मिळाली, याला तुच्छ लेखायचं कारण नाही. पुणेकर तीन पिढ्या नदीकडे पाठ करून बसला होता आणि त्या पाठ करण्यानेच ती गटार झाली, असं प्रकल्पाची बाजू घेणारे म्हणतात. त्यात तथ्य आहे. विरोध करणारे पूररेषेचं बोट धरतात. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची; पात्रात भराव घातला की पाणी दुसरीकडे चढणार. एप्रिल २०२३ मध्ये झाडं वाचवण्यासाठी लोक चिपको म्हणत काठावर उतरले होते.

मी तिथे काठाचा उतार पाहत होतो. नैसर्गिक काठ एका रेषेत नसतो. एका वळणावर माती कापली जाऊन उभा कडा होतो; तिथे खंड्या आणि वेडे राघू बिळं करतात. समोरच्या वळणावर गाळ साचून सपाट किनारा होतो. तिथे टिटवी, तुतवार, धोबी. मध्ये लव्हाळ्याचा पट्टा, त्यात वटवटे आणि पाणकोंबड्या. वर वाळुंज, करंज, उंबर. पाणी वर-खाली झालं की ही सगळी घरं थोडी सरकतात, पण राहतात. हा सगळा ओबडधोबडपणा काढून एकसारखा दगडी उतार केला की पाण्यापासून कोरड्यापर्यंतची पायरी एकच उरते. त्यावर पारवा बसतो, कावळा बसतो. बगळाही काठावर उभा राहील, कारण तो कुठेही उभा राहतो.

नमुना म्हणून सगळे साबरमतीचं नाव घेतात. अहमदाबादेत शहराच्या मध्यातलं पात्र दोन्ही बाजूंनी भिंती घालून सरसकट २६३ मीटर रुंद केलं आणि त्यात नर्मदेच्या कालव्याचं पाणी भरलं. पाणी छान दिसतं. पण उथळ काठ नसलेल्या खोल, स्थिर पाण्यात शेकाटा उभा राहू शकत नाही. त्याचे पाय कितीही लांब असले तरी तळाला पोचत नाहीत.

इथे मला गोष्ट उलटी झालेली दिसते. मैलापाण्याने नदीतले कीटक, मासे आणि ते खाणारे पक्षी बदलले, पण काठ बराचसा मातीचाच राहिला. गरिबांच्या झोपड्या, राडारोडा, अतिक्रमणं यांतूनही चिखल, लव्हाळी, बाभूळ शिल्लक राहिली. उद्या पाणी खरंच स्वच्छ झालं, तर खडकवासल्याकडे हटलेल्या पक्ष्यांना खाली परत यायला हा काठ लागणार आहे. पाणी साफ करायचं आणि त्याच वेळी काठ गुळगुळीत करायचा, म्हणजे पाहुण्याला बोलावून दाराला कुलूप लावायचं. काठ बांधायचाच असेल तर वळणाचा आतला गाळ सोडा, उभे मातीचे कडे सोडा, बंधाऱ्याखालचे खडक आणि बेटं सोडा. या जागा नकाशावर दाखवता येतात, आणि त्या कुठे आहेत हे शहरातल्या कुठल्याही जुन्या पक्षीनिरीक्षकाला तोंडपाठ आहे.

भिगवणकडे

रांजणगाव सांडसपाशी मुळा-मुठा भीमेला मिळते आणि पुण्याचं सगळं देणं घेऊन भीमा उजनीच्या जलाशयात शिरते. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ ही त्या फुगवट्याच्या काठची गावं. फेब्रुवारीत पाणी उतरतं, मैलोन्मैल चिखल उघडा पडतो आणि रोहित पक्षी येतात, ज्यांना इथले लोक अग्निपंख म्हणतात. पट्टकदंब हंस असतात, सुरय असतात. जवळच्या भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांची सारंगार, म्हणजे घरट्यांची वसाहत, आहे. मासेमारी करणाऱ्या कितीतरी कुटुंबांनी आता होड्या पर्यटकांसाठी चालवायला घेतल्या आहेत. पक्ष्यांची नावं मराठीत, इंग्रजीत आणि कॅमेऱ्याच्या भाषेत ते घडाघडा सांगतात.

जलाशयाचं पाणी उन्हाळ्याकडे हिरवंगार होत जातं. याच जलाशयातून सोलापूर शहराला पिण्याचं पाणी जातं. पुण्याने वापरून सोडलेलं पाणी प्रथम शेवाळाला, मग रोहितांना, चिलापीला आणि शेवटी सोलापूरकरांना मिळतं.

होडी वल्हवणाऱ्या दादांना विचारलं, पुण्याचं पाणी उद्या स्वच्छ यायला लागलं तर तुमचा धंदा बसेल का? त्यांनी वल्हं थांबवलं नाही. "पाणी वेळेवर उतरलं नाही तर बसतो," ते म्हणाले. "मागे एकदा धरण भरलेलंच राहिलं. चिखल उघडाच पडेना. पक्षी वरून बघून गेले." घाणीपेक्षा त्यांना पाण्याच्या पातळीची काळजी जास्त होती, आणि पक्ष्यांच्या दृष्टीने ती योग्यच आहे. स्वच्छ पाण्यातही चिखल असतो, त्यात किडे असतात, फक्त एकाच जातीचे अब्जावधी नसतात.

तेव्हा नदी सुधारली तर कवडी पाटावरचे शेकाटे कमी होतील, थापटेही. रविवारच्या फोटोंत गर्दी दिसणार नाही आणि कुणीतरी पेपरात लिहील की पक्ष्यांनी पुण्याकडे पाठ फिरवली. त्या वेळी मोजायचं ते दुसरीकडे. खडकवासल्याच्या खाली, विठ्ठलवाडीच्या दगडांवर कवड्या धोबी वर्षभर टिकतो का, घरटं करतो का, हे पाहायचं. म्हात्रे पुलाच्या आसपास एखादा कवड्या खंड्या हवेत थांबून नेम धरताना दिसतो का. मुंढव्याच्या चिखलात लाल अळ्यांबरोबर आणखी काय निघतं. या नोंदी ठेवायला मोठी लेन्स लागत नाही. वही लागते आणि त्याच जागी दर महिन्याला जाण्याची तयारी. शहरातल्या दोन-तीन महाविद्यालयांच्या प्राणीशास्त्र विभागांनी हे काम वाटून घेतलं तर नदीकाठचे दगड बसवण्याआधीच्या काठाची निदान लेखी नोंद तरी राहील, कारण संगमाकडून मुंढव्याकडे काम पुढे सरकतंच आहे.